सुरू झालं म्हणजे बरं झालं असं नाही: पडून राहिलेलं आउटबोर्ड इंजिन पुन्हा चालवताना



आत येताना तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंच असेल. इथे मागे लाकडी घोडीवर जे मशीन टांगून ठेवलंय, ते आजच्या बोलण्याचा विषय आहे. १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, जुन्या पद्धतीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. चार पावसाळे एका घराच्या पडवीत, झापांखाली पडून होतं. मालकांनी काल ते आणून दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दोरी ओढून बघूया का?" मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. का थांबा म्हटलं, ते आज सांगतो.

विसाव्या वर्षी मी थांबलो नव्हतो. माझ्या मामाचं असंच एक मशीन तीन वर्षं बंद होतं. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, सगळ्यांच्या होड्या पाण्यात उतरत होत्या. मी टाकीत ताजं पेट्रोल घातलं, नवे प्लग लावले आणि दोरी ओढत सुटलो. आठव्या की नवव्या खेपेला मशीन लागलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! तसंच होडीला लावलं आणि खाडीत गेलो. पाच-सात मिनिटांनी जळका वास आला, आवाज जड झाला आणि मशीन जागच्या जागी अडकलं. दोरी हलेना. वेळ ओहोटीची. पाणी आम्हाला खाडीच्या तोंडाकडे नेत होतं, आणि होडीत वल्हं एकच. जाळी ओढून परतणाऱ्या एका होडीने दोर टाकला म्हणून आज हे सांगतोय.

मामा मला काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने मशीनचं खालचं पाऊल खोललं आणि पाण्याच्या पंपातलं रबराचं चाक माझ्या हातावर ठेवलं. त्याची दोन पाती गायब होती आणि उरलेली लाकडासारखी कडक झाली होती. म्हणजे मशीनला थंड करणारं पाणी वर येतच नव्हतं. मशीन सुरू झालं होतं, पण ते बरं झालेलं नव्हतं. आजचं सगळं बोलणं या एका फरकाबद्दल आहे.

पडून राहिल्यावर नेमकं बिघडतं काय?

ज्यांनी हे मशीन कधी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात रचना सांगतो. वर टोपीखाली इंजिन. मधे उभा पाय, त्यातून एक लांब दांडा खाली जातो. खाली गिअरचं घर, त्याला पंखा. गिअरच्या घराच्या वरच्या अंगाला, त्याच दांड्यावर, पाण्याचा पंप. दांडा फिरला की पंप फिरतो, खाडीचं पाणी वर ढकलतो, ते इंजिनभोवती फिरून परत बाहेर पडतं. त्यातली एक बारीक धार मुद्दाम दिसेल अशी बाहेर सोडलेली असते. ती धार म्हणजे मशीनची नाडी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टू-स्ट्रोकमध्ये मोटारीसारखं वेगळं इंजिन ऑइल भरलेलं नसतं. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोल आत जातं, त्याच्याबरोबर तेल जातं, आणि पिस्टन, बेअरिंग सगळ्याला तेच पुरतं. म्हणजे पेट्रोल कमी पडलं तर तेलही कमी पडलं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मशीन पडून राहिलं की चार गोष्टी होतात. एक, पेट्रोल शिळं होतं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे उरतो तो डिंकासारखा चिकट थर. हा थर कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकांत बसतो. शिवाय आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. जुन्या मशीनच्या नळ्या, वॉशर अशा पेट्रोलसाठी बनलेलेही नसतात.

दोन, रबर मरतं. पंपाचं चाक, नळ्या, इंधन पंपाचा पडदा, सील, सगळं. तीन, मीठ. खाऱ्या पाण्यातून काढून गोड्या पाण्याने न धुता ठेवलं असेल, तर आतल्या वाटांत मिठाचे खडे धरतात. चार, गंज. सिलिंडरच्या आत, बेअरिंगवर, विजेच्या जोडांवर.

यातली एकही गोष्ट बाहेरून दिसत नाही. म्हणून दोरीला हात लावण्याआधी क्रमाने जायचं.

पहिलं काम: हाताने फिरवणं

आधी जुनी टाकी लांब नेऊन ठेवा. तिच्यातलं पेट्रोल या मशीनला पुन्हा द्यायचं नाही. मग दोन्ही प्लग काढा. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. काल मी मालकांना थांबा म्हटलं ते यासाठी. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा बारीक थर असला आणि तुम्ही जोरात दोरी ओढली, तर पिस्टनच्या रिंगा त्याच्यावर कोरड्या घासतात. ओरखडा एकदा पडला की तो पुसता येत नाही.

सकाळी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून वरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हाताने फिरवा. वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच. उलटं फिरवलं तर खालच्या पंपाची पाती उलटी दुमडतात. हे मशीन बघा, हाताने फिरतंय. जरा जड आहे, पण अडखळत नाही. अडकलेलं असतं तर आणखी तेल सोडून दोन-चार दिवस वाट पाहिली असती. हातोडा मात्र नाही.

मोकळं फिरलं की कॉम्प्रेशन गेज लावून दाब बघायचा. या जातीच्या मशीनला साधारण ९० ते १२० पीएसआयच्या दरम्यान दाब मिळतो. पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. एक ११० आणि दुसरा १०५ असेल तर पुढे चला. एक ११० आणि दुसरा ७० असेल तर इथेच थांबा. आधी आतलं काम करावं लागेल, कार्बोरेटर धुऊन काही होणार नाही.

ठिणगी

आता ठिणगी. पेट्रोल अजून जवळ आणलेलं नाही, म्हणून हे काम आत्ताच करायचं. प्लग टोपीत घाला, प्लगची धातूची बाजू इंजिनच्या अंगाला घट्ट टेकवा, सिलिंडरच्या भोकापासून लांब, आणि दोरी ओढा. टच्चकन निळसर ठिणगी पडायला हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर समाधान मानू नका. आणि प्लग अंगाला न टेकवता, तार मोकळी सोडून दोरी ओढू नका. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर त्याने ते पेटीसकट जाऊ शकतं.

ठिणगीच नाही? घाबरायच्या आधी लाल दोरीची क्लिप बघा, चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात ती. ती जागेवर नसेल तर मशीन कधीच लागणार नाही. हसू नका, या क्लिपपायी अर्धा दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या दिवशी त्यातला एक मीच होतो. क्लिप ठीक असेल तर इंजिनला टेकणाऱ्या तारेचे जोड काढून घासा. खाऱ्या हवेत हिरवट-पांढरा थर तिथेच धरतो. आणखी जुन्या मशीनमध्ये फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात. त्यांची तोंडं साफ करून फट फीलर गेजने मोजून लावायची. कॉइलला तडा असेल तर ती बदलायची.

कार्बोरेटर

बहुतेकांची चूक इथे होते. कार्बोरेटरवर बाहेरून फवारा मारला, मशीन लागलं, झालं काम, असं वाटतं. तसं नाही. तो काढायचा, खालची वाटी खोलायची, जेट बाहेर घ्यायचे. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे घेतो ते मोजून लिहून ठेवा, नाहीतर परत लावताना पंचाईत होते. जेट क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका, उजेडासमोर धरून आरपार भोक दिसतंय का बघा. पोलादी तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट कामातून गेला.

हे इतकं का सांगतोय? मघाशी म्हटलं होतं, पेट्रोल कमी तर तेल कमी. अर्धा बुजलेला जेट असला तरी मशीन चालू राहतं. चोक ओढला की बरंही चालतं. पण त्या सिलिंडरला पेट्रोलबरोबर येणारं तेल अर्धंच मिळतंय. पूर्ण वेगावर नेलं की पिस्टन सिलिंडरला घासतो आणि अडकतो. मोटारीचं इंजिन अशा वेळी रडतखडत घरापर्यंत नेतं. टू-स्ट्रोक तशी मुदत देत नाही. म्हणून "चोकवर चालतंय ना, मग चालवूया" हे वाक्य जिथे ऐकाल तिथे मशीन बंद करायला सांगा.

त्याच बैठकीत इंधनाची सगळी नळी बदला. हाताने दाबायचा फुगा कडक झाला असेल तर तोही. नवा लावताना त्यावरचा बाण मशीनकडे जातोय ना, ते बघा. इंधन पंपाचा पडदाही नवा घाला.

मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल तेच. ५०ला १ असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. जुन्या मशीनला २५ला १ लागत असेल तर ४० मिलिलिटर. तेल आउटबोर्डचंच, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं. स्कूटरचं तेल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनसाठी असतं, ते इथे राख धरतं.

खालचं पाऊल

आता मामाने माझ्या हातावर ठेवलेली वस्तू. पंपाचं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर. चार वर्षं ते एकाच जागी दाबून बसलेलं असतं, पाती वाकलेली तशीच राहतात. ते तपासायचं नाही, सरळ बदलायचं. गिअर बदलणारी दांडी सोडवा, खालच्या घराचे बोल्ट काढा, घर दांड्यासकट खाली येतं. बोल्ट अडकले असतील तर जोर लावून तोडू नका. अॅल्युमिनियममध्ये पोलाद आणि मधे मीठ, म्हणजे ते एकमेकांना धरून बसणारच. गंज सोडवणारं तेल, थोडी ऊब, हलके ठोके, आणि धीर.

जुनं चाक काढल्यावर त्याची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधून काढा, कारण तो पाण्याच्या वाटेत वर कुठेतरी अडकलेला असतो. नवं चाक घातलं आणि तुकडा आतच राहिला, तर मशीन तरीही तापणार. नवं चाक बसवताना दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवत बसवा, म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडतात.

गिअर ऑइलही आताच बदला. खालचा आणि वरचा, दोन्ही स्क्रू काढा. काळपट तेल आलं तर चालेल. दुधासारखं आलं, किंवा आधी पाणी आणि मग तेल आलं, तर सील गेलेलं आहे. सील बदलल्याशिवाय तेल भरणं म्हणजे पैसे पाण्यात. भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर खालचा. दोन्हींना नवे वॉशर.

पिंपात पहिली सुरुवात

आता दोरी ओढायची वेळ आली. पण पाण्याशिवाय नाही, एक क्षणही नाही. कोरडं फिरलं तर नवं इम्पेलर काही सेकंदांत जळतं. मोठ्या पिंपात पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर पाणी हवं. पंखा काढून ठेवा. मशीन उघड्यावर सुरू करा, बंद शेडमध्ये नको, धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

टाकीच्या झाकणाची हवा उघडा, फुगा कडक होईपर्यंत दाबा, चोक ओढा, दोरी. खोकलं की चोक आत. सिलिंडरमध्ये काल सोडलेलं तेल जळेल, धूर येईल, येऊ द्या. तुमचे डोळे मात्र एकाच जागी हवेत: धार. आली नाही तर लगेच बंद. धारेच्या भोकात बारीक तार घालून बघा. आपल्याकडे पडवीत ठेवलेल्या मशीनमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेवढंच कारण असू शकतं. भोक मोकळं असूनही धार नसेल तर पुन्हा पंप खोला. धार आहे तरी मशीन तापतंय असं वाटलं, तर सिलिंडरच्या वरच्या भागावर पाण्याचा थेंब टाका. चर्र झालं तर थर्मोस्टॅट किंवा वरच्या वाटांत मीठ आहे.

चालू असताना मशीन मरायला लागलं आणि फुगा दाबल्यावर सावरलं, तर दोष इंधन पंपात किंवा हवा ओढणाऱ्या नळीत. चोक ओढल्यावरच सावरत असेल तर जेट पुन्हा काढा.

पहिली फेरी

पिंपात चाललं म्हणजे समुद्रात चालेल असं नाही, कारण पिंपात मशीनवर भार नसतो. पहिली फेरी खाडीतच, आणि भरतीच्या वेळी. मशीन बंद पडलं तर भरतीचं पाणी तुम्हाला आत आणेल, ओहोटी बाहेर नेईल. वल्ही दोन, नांगर दोरासकट, लाइफ जॅकेट, आणि किनाऱ्यावर एक माणूस ज्याला तुम्ही किती वाजता परत येणार ते ठाऊक आहे. पहिली १० मिनिटं हळू, मग मध्यम, आणि अर्धा तास सगळं नीट चाललं की मगच थोडा वेळ पूर्ण वेग. परत आलात की प्लग काढून रंग बघा. चॉकलेटी असेल तर छान. पांढरा पडला असेल तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय, पुन्हा पाण्यात जाऊ नका.

प्रश्नोत्तरे

*इतकं सगळं करण्यापेक्षा नवं घेतलेलं बरं नाही का?*

काही वेळा बरं. सिलिंडरला ओरखडा असेल किंवा गिअरचे दात गेले असतील, तर मी स्वतःच नको म्हणतो. पण दाब नीट आहे, ठिणगी आहे, तर उरतं ते रबर, नळ्या, वॉशर, तेल आणि दोन दिवसांची मेहनत. सुटे भाग मिळतात का ते मात्र खोलण्याआधी विचारा. १९०९ पासून बाजारात असलेल्या एव्हिनरूड या मशीनचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. नाव जुनं म्हणून भाग कायम मिळतील असं धरू नका.

*काका, आमचं मशीन रॉकेलवर चालतं. त्याला वेगळं काही?*

क्रम हाच. फरक इतकाच, की ते पेट्रोलवर सुरू होतं आणि तापल्यावर रॉकेलवर घेतात. बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणून थोडं चालवायला हवं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहत नाही. तसं न करता ठेवलं असेल तर पुढच्या वेळी लागायला त्रास देणार. शिवाय काजळी जास्त धरते, म्हणून सिलिंडरची वरची टोपी उघडून साफ करावी लागते.

*दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोन महिन्यांसाठीही हे सगळं करायचं?*

नाही. दोन महिन्यांसाठी ठेवतानाच नीट ठेवायचं. मे महिन्याच्या शेवटी होडी शाकारता ना, त्याच दिवशी मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात १० मिनिटं चालवा. मग इंधनाची नळी काढून टाका आणि आतलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद होऊ द्या. प्लग काढून चमचाभर तेल सोडा, चाक दोन-चार फेरे फिरवा, प्लग परत लावा. गिअर ऑइल ठेवतानाच बदला. आत पाणी शिरलं असेल तर ते पावसाळाभर गिअर खात बसतं. आणि मशीन उभं ठेवा, म्हणजे पाणी निथळतं. तासाभराचं काम आहे.

चला, आता हे मशीन पिंपात लावू. ज्यांना जवळून बघायचंय त्यांनी मागच्या अंगणात या. दोरी मालकच ओढतील, चार वर्षं वाट पाहिलीय त्यांनी. बाकीच्यांनी फक्त धारेकडे बघायचं, आणि ती आली नाही तर सगळ्यांनी एकदम "बंद" म्हणून ओरडायचं.